समाधानची फौज आणि पुतळाबाई

सिल्वासाजवळच्या अथालच्या चाळीत पुतळाबाईची खोली शोधायची असेल तर नावाने विचारू नका. रनर तोडणारी मावशी कुठे राहते म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. बाई मूळची नंदुरबारकडची. लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग सिल्वासाला आली. नवरा, नाव कारभारी, प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मशीनवर, आणि ही घरी बसून जॉबवर्क करणारी. मशीनमधून स्विचची बटणं निघतात ना, ती सुटी निघत नाहीत. द्राक्षं जशी देठाला धरून असतात तशी ती प्लास्टिकच्या एका काडीला धरून असतात, आणि त्या काडीला म्हणायचं रनर. टेम्पोवाला दारात गोण्या टाकून जातो. बायका बटणं मोडून काढतात, कडेला राहिलेलं फालतू प्लास्टिक ब्लेडने तासतात, बटणं एका गोणीत, रनर दुसऱ्या गोणीत. रनर कारखान्यात परत जातात, दळले जातात आणि त्यांचाच पुन्हा माल होतो. पुतळाबाईचे हात या कामात असे चालायचे की बाई गप्पा मारतेय का काम करतेय तेच कळू नये.

गप्पा मात्र तिला लागायच्या. कारभारी होता तोवर त्या कमी पडल्या नाहीत. तो बोलघेवडा, ही त्याच्याहून. मुलगा समाधान तेवढा मुखदुर्बळ, पण आईबापांच्या कलकलाटात ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. मग एका दुपारी कारभारीच्या छातीत कळ आली. सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी लगेच हातात चिठ्ठी दिली, आणि पुतळाबाई इंजेक्शन आणायला बाहेरच्या मेडिकलवर धावली. तिथे ही गर्दी. इंजेक्शन घेऊन परत आली तेव्हा कारभारी गेलेला होता. शेवटी त्याच्याजवळ एकटा समाधान होता.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला एकच घोर लागला. शेवटी काय म्हणाले असतील? काहीतरी म्हणाले असतीलच की, हा माणूस कधी गप्प बसलाय का? तिने समाधानला विचारलं. दहाव्याला विचारलं, तेराव्यानंतर विचारलं, वर्षश्राद्धाला पुन्हा विचारलं. तो खाली मान घालून म्हणायचा, "काही नाही बोलले, माय." आणि उठून जायचा. पुढेपुढे तर तो कशावरच बोलेना. कामावर जायचं, यायचं, जेवायचं, मोबाइल घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. मीठ कमी आहे एवढंसुद्धा सांगायचा नाही हो! माणसाने बोलावं तरी कोणाशी, त्या गोणीतल्या बटणांशी?

अशात त्याच्या आयुष्यात ती फौज आली. त्याच्याच कारखान्यात माल तपासायच्या क्वालिटी खात्यात केदार नावाचा मुलगा होता, सिल्वासातल्याच टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा. आई मंगलाबाई मराठी शाळेत शिक्षिका, माणसं कोकणातली. केदार मुंबईला शिकत असताना एक खेळ शिकून आला होता. बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे शिपाई, ते आपण जोडायचे, आपण रंगवायचे, टेबलावर मांडायचे, आणि मग फासे टाकून, टेपने इंच मोजून लढाई करायची. त्याने आपल्याकडचे चार जुने शिपाई समाधानला दिले. चौघांत एकाला डोकं नव्हतं. पण पोरगा जो त्यात रमला, तो रमलाच.

हा खेळ म्हणजे मोठ्या खिशाच्या लोकांचा. नवा खोका घ्यायचा तर निम्मा पगार गेला म्हणून समजा. मग समाधानने गरिबाची वाट धरली. खेळ सोडून दिलेल्या लोकांचे जुने, मोडके, कोणीतरी भसाभस रंग फासलेले शिपाई तो मोबाइलवरून स्वस्तात मागवायचा. ते रात्रभर डेटॉलमध्ये बुडवून ठेवले की रंग सुटतो म्हणे. खोलीत दवाखान्यासारखा वास सुटायचा, आणि त्या वासाने पुतळाबाईला तो दिवस आठवायचा. ती उठून दार उघडून ठेवायची. शिपायाखाली ठेवायच्या चकत्या पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांच्या. डोंगर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे. शत्रूची फौज घ्यायला पैसे कुठले, म्हणून शत्रूच्या जागी तिचीच नापास झालेली बटणं.

एके दिवशी तो जुन्या टूथब्रशने एक शिपाई घासत बसला होता. तिला राहवलं नाही. "दे इकडे, तुला जमत नाही," म्हणून तिने तो हातातून घेतला, घासला, आणि अंगावर साच्याची जी बारीक रेघ राहते ती ब्लेडने सफाईने काढून टाकली. समाधान बघतच राहिला. म्हणाला, "माय, हे तर एकदम भारी."

आता तुम्हाला वाटेल यात काय एवढं. अहो, वर्षभरात त्या पोराने आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं.

मग रविवार तसे जायला लागले. दोघं जमिनीवर पेपर पसरून बसायची. ती घासायची, तासायची, तो रंगवायचा आणि बोलायचा. हा भालेवाला, हा निशाणवाला, हा यांचा म्हातारा जादूगार. ती म्हणायची, "हा तुमचा जादूगार आपल्या टेम्पोवाल्यासारखा दिसतो रे, मालाची कटकट केल्यासारखं तोंड आहे." आणि समाधान हसायचा. एकदा तिला बटणांची फौज देऊन त्याने लढाईसुद्धा खेळवली. ती जिंकली, आणि तो दोन दिवस ते केदारला सांगत फिरला. पुतळाबाईला त्या खेळातलं फारसं कळत नव्हतं, आणि समजून घ्यायचंही नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की हात कामात असले की पोरगा बोलतो. आणि असाच बोलत राहिला तर एक दिवस तेही बोलेल, बापाचं, त्याच्या आप्पांचं शेवटचं.

त्या दिवसाच्या ती अगदी जवळ आली होती. एका रविवारी एका शिपायाचा हात चिकटवता चिकटवता तो म्हणाला, "आप्पांचा हात ना, तेव्हा..." आणि थांबला. ती घासत राहिली, वर बघितलं नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. पण बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न दिला आणि तो उठला. बरं, म्हटलं तिने मनात. आज नाही तर पुढच्या रविवारी.

त्याच आठवड्यात खोका आला. पहिला नवा कोरा खोका, दिवाळीच्या बोनसमधून मागवलेला. समाधानने तो उघडून तिला दाखवला. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, आणि चौकटीत हात वेगळे, डोकी वेगळी, भाले वेगळे, सगळं काड्यांना धरून. "रविवारी जोडू, माय. केदारपण येणार आहे," असं म्हणून तो कामाला गेला.

पुतळाबाईने त्या चौकटी हातात घेतल्या आणि तिला हसू आलं. अगं बाई, हे तर रनर! पोरगा दमून भागून येणार, त्यात हे सगळं तोडत बसणार, त्याची बोटं सोलवटणार. हे तर आपल्या रोजच्या पोटापाण्याचं काम. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने सगळं तोडलं. एकेक हात, एकेक डोकं, एकेक भाला मोडून काढला, कडा तासल्या, स्टीलच्या ताटात स्वच्छ ढीग केला. उरल्या काड्या. तर काड्या कुठे जातात? रनरच्या गोणीत. माल त्या आठवड्यात राखाडीच होता. संध्याकाळी टेम्पो आला आणि गोणी घेऊन गेला. तिने समाधानसाठी शेवभाजी केली. ताट झाकून ठेवलं होतं, तो आला की दाखवायचं म्हणून.

आता हिला दोष द्यायचा तर तो कसा द्यायचा, तुम्हीच सांगा. त्या खेळात प्रत्येक तुकड्याचा नंबर शेजारच्या काडीवर लिहिलेला असतो, हे तिला कोण सांगणार? कुठला हात कुठल्या खांद्याला, ते त्या नंबरावरून कळतं. काड्या गेल्या की नुसता हातापायांचा ढीग उरतो. आणि स्विचचं बटण जाड असतं, हाताने मोडलं तरी त्याला काही होत नाही. शिपायाचा भाला केसाएवढा. अर्धे भाले मधोमध तुटले होते.

समाधानने ताटावरचं झाकण काढलं. ढिगातून बोटं फिरवली. मग विचारलं, "काड्या कुठे आहेत?"

"गेल्या ना गोणीत," ती म्हणाली. अजून ती कौतुकाची वाट बघत होती.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, तिने चार अश्रू गाळले असते, तो चार शब्द बोलला असता, आणि मिटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "माय, माझ्या कुठल्याच गोष्टीला यापुढे हात लावू नको." दुसऱ्या दिवशी ती ब्लेड खाली ठेवून कारखान्याच्या फाटकावर जाऊन आली. आतल्या माणसाने सांगितलं, मावशी, कालच्या गोण्यांचा केव्हाच दळून दाणा झाला. ती घरी परतली तेव्हा समाधान सगळी फौज, रंग, थर्माकोलचे डोंगरसुद्धा खोक्यात भरून केदारकडे घेऊन गेला होता.

तेव्हापासून रविवार टोकरखाड्याला. घरी पुन्हा ती भिंत, तो मोबाइल. ती विचारायची, "बापू, किती झाले रे आता शिपाई?" तो म्हणायचा, "झाले पुष्कळ." तिने दोनदा माफीही मागितली. आईने लेकाची माफी मागायची, बघा. तो म्हणाला, "जाऊ दे ना, माय," आणि खरंच त्याच्या मनात राग उरला नव्हता. पण उठून गेलेलं बोलणं काही परत आलं नाही.

होळीच्या आधी झाडलोट करताना तिला पेटीखाली दोन डोकी आणि एक पंजा सापडला. राखाडी, इवलेसे. समाधान पहिल्या पाळीला गेला होता. तिने ते कागदात बांधले आणि रिक्षा करून मंगलाबाईंकडे गेली. खरं सांगायचं तर डोकी हे निमित्त होतं, तिला फौज बघायची होती.

मंगलाबाई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. "अहो या, या. किती दिवस म्हणतेय तुम्हाला भेटायचं," म्हणाल्या आणि तिला आत नेलं. बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एक पूर्ण फळी समाधानची. पुतळाबाई पदर आवळून बघत उभी राहिली. केवढी वाढली होती फौज! तिने तोडलेले तेही त्यात होते. कोणाचे हात कोणालाही लावून पोरांनी उभे केले होते, तुटक्या भाल्यांच्या जागी दात कोरायच्या काड्या होत्या, आणि रंग असा सुबक की बघत राहावं.

"गुणी आहे हो तुमचा मुलगा," मंगलाबाई चहा देता देता म्हणाल्या. "आणि किती बोलतो! रंगवायला बसला की तोंड मिटत नाही. गावाकडचं, कारखान्यातलं, आप्पांचं. परवा मात्र आप्पांचं सांगताना फार रडला. मी जवळ घेतलं त्याला. म्हटलं, अरे, तुझा काय दोष? ते सारखे म्हणत होते ना, पुतळेला बोलव, पुतळेला बोलव. आणि याला वाटत राहिलं, हात सोडून आईला आणायला गेलो तर तेवढ्यात काही होईल. म्हणून गेला नाही. तेच धरून बसलाय अजून. आईला मी येऊ दिलं नाही, म्हणतो." मग त्यांनी बिस्किटं पुढे सरकवली. "तुम्हाला हे सगळं माहीत असेलच म्हणा."

पुतळे. असं तिला जगात एकच माणूस म्हणायचा. तिने चहाची बशी खाली ठेवली.

"हो ना," ती म्हणाली. "मला तेव्हाच सांगितलं त्याने. घरी तर काय, रोजच बोलतो."

निघताना तिने कागदाची पुडी मंगलाबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तुम्हालाच इथे सापडली म्हणा. मी आले होते हे सांगू नका त्याला. उगाच माझा हात लागला म्हणेल."

समाधान पाळी संपवून आला तेव्हा ती गोणीपुढे बसली होती. तिने उठून वाढलं. तो जेवत होता आणि तिच्या ओठावर सगळं तयार होतं. बापू, तू हात सोडला नाहीस ते फार चांगलं केलंस. माणूस एकटा गेला नाही. मी येऊन तरी काय केलं असतं? एवढं म्हटलं असतं तर कदाचित पोरगा तिच्या गळ्यात पडला असता. पण मग त्याला कळलं असतं की मंगलाबाईंनी सांगितलं. त्या घरीही त्याने तोंड मिटून घेतलं असतं. एकाच घरात तो बोलत होता, आणि आपला हात लागला की काय होतं ते तिने एकदा पाहिलं होतं.

"भाजी देऊ का अजून?" तिने विचारलं.

"नको." त्याने हात धुतले, पिशवी उचलली. "केदारकडे जातोय."

"जा," ती म्हणाली. "वाट बघत असतील."

तो गेल्यावर तिने दार लोटलं आणि नवरा गेला त्या दिवशी रडली नव्हती एवढी रडली. त्याने तिला बोलावलं होतं, शेवटपर्यंत तिलाच बोलावलं होतं. हे तिला लेकाच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि आता ते कधीच ऐकता येणार नव्हतं.