डोलोरेसच्या हातचं मत

“स्वभावाचं मी विचारलंच नाही, लेन. तो चांगला कॅचर होता की नव्हता, एवढंच सांग.”

“नऊ नावं सांगितली. नऊ खुणा कर आणि कागद इकडे दे, सही करतो.”

“नऊ झाल्या. दहावी चौकट मोकळी आहे.”

“राहू दे मोकळी. पाकिटावर नाव कोणाचं आहे ते वाच. तुला तर दिसतं.”

डोलोरेस हुडाकने पेनाला टोपण लावलं. ओट्यापाशी पॉलिन नाताळातला उरलेला अक्रोडाचा रोल कापत होती, तिची सुरी थांबली. आईबाप दुपारपासून भांडत होते आणि आता साडेतीन वाजले होते. एकोणतीस डिसेंबर होता. एकतीसच्या आत पोस्टाचा शिक्का पडला नाही तर कागद बाद. त्यात लोरेन गावावर उद्या तळ्याकडून मोठं बर्फ येणार, असं रेडिओ सकाळपासून बजावत होता. म्हणजे आजच, पोस्ट पाचला बंद व्हायच्या आत.

हॉल ऑफ फेम या मानाच्या दालनात कोणता जुना खेळाडू बसवायचा हे बेसबॉलवर लिहिणारे वार्ताहर ठरवतात. दर डिसेंबरला प्रत्येकाला एक कागद येतो, त्यावर फार तर दहा नावांना खूण करायची. आलेल्या कागदांपैकी चारात तीन कागदांवर खूण असेल तो खेळाडू आत. दहा वर्षांत जमलं नाही, तर त्याचं नाव कायमचं उडतं. ज्या कॅचरवरून भांडण चाललं होतं त्या एफ्राईन मॅलाव्हेचं हे दहावं वर्ष होतं. गेल्या खेपेला त्याला अकरा मतं कमी पडली होती. लेनचीही ही शेवटचीच खेप. पेपरातून निवृत्त होऊन दहा वर्षं होत आली की मतही जातं.

तीन वर्षांपासून लेनच्या नजरेचा मधला भाग गेला होता. दाराची चौकट दिसायची, दारात उभं असलेलं माणूस दिसायचं नाही. म्हणून तो नावं सांगायचा आणि डोलोरेस खुणा करायची. आधीच्या दोन्ही वर्षी तिने मॅलाव्हेचं नाव काढलं, तो नाही म्हणाला, ती गप्प बसली. पुढचं वर्ष आहे, असं तेव्हा म्हणता आलं होतं.

बेसबॉल तिला लेनने शिकवला नव्हता. तिचा बाप पोलाद कारखान्यात दुसऱ्या पाळीला. सामने सगळे त्याच्या पाळीतच व्हायचे. नऊ वर्षांची असताना ती फ्रिजवरच्या रेडिओखाली वही घेऊन बसायला लागली. चेंडू फेकणारा पिचर एक, तो मागे बसून झेलणारा कॅचर दोन, असे आकडे मांडत पूर्ण सामना लिहून काढायची. सकाळी बाप अंडी खाता खाता वही वाचायचा आणि विचारायचा, “सहाव्या डावात इथे खोडलंयस, का गं?” मग तिला सांगावं लागे. बापाच्या लाडक्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटला तर ती चूक म्हणूनच लिहायची. एकदा बाप म्हणाला, सोड की, बिचाऱ्याच्या डोळ्यांत ऊन आलं असेल. तिने वही बंद करून शाळेचा रस्ता धरला होता.

लेनशी लग्न झालं तेव्हा तो पेपरात नवा होता आणि त्याला एका वेळी दोन गोष्टी जमत नसत. गप्पा मारल्या की नोंद राहून जायची. मग स्टेडियममधून घरी फोन: सातव्या डावात दुसऱ्या बेसवर कोण होतं? पोरीला मांडीवर घेऊन डोलोरेस वहीतून सांगायची. सांगताना स्वतःचं काही बोलून जायची, की पिचर दमलाय, त्याचा खांदा आधी उघडतोय. सकाळी ते छापून आलेलं असायचं, वर लेनचं नाव. आधी तिला त्याचं कौतुकच वाटलं. पुढे शाळेच्या कँटीनमध्ये मॅकरोनी वाढताना मास्तर लोक तिला म्हणायचे, आज काय लिहिलंय तुझ्या नवऱ्याने! ती आणखी एक डाव वाढायची.

“मॉम,” पॉलिन म्हणाली, “मत डॅडचं आहे. त्याला पाहिजे तसं देऊ दे. खेळच तर आहे.”

“खेळ आहे ना? मग खेळाचंच कारण दे म्हणावं.” डोलोरेस लेनकडे वळली. “पहिल्या वर्षी तू लिहिलंस, बॅटिंग कच्ची. तीन वर्षांनी त्याच्याहून कच्च्या कॅचरला तू मत दिलंस. मग लिहिलंस, गुडघा गेल्यावर फार रेटलं. तुझ्या यादीतला पाचवा माणूस काय पळत होता? दरवर्षी नवं कारण. खरं असतं तर एक पुरलं असतं.”

लेनने नेहमीचं सुरू केलं, की ही बाई चाळीस वर्षं रेडिओपाशी बसली, आपण मैदानात होतो, खेळाडूंचे चेहरे आपण पाहिलेत. डोलोरेसने त्याला मधेच तोडलं. चेहरे तू पाहिलेस, खेळ कोणी पाहिला, असं तिने विचारलं. पॉलिनला हसू आलं, आणि ते लेनने ऐकलं.

“हसा,” तो म्हणाला. “तेव्हा तेही असेच हसले होते. तुझाच ना तो लाडका? म्हणे, उद्या बायकोलाच पाठव.”

“कोण म्हणे?”

डोलोरेसने पुन्हा विचारलं, या वेळी हळू. मग ते बाहेर आलं, तुकड्या-तुकड्यांनी. सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत लेनने मॅलाव्हेला विचारलं होतं, की खाली येणारा चेंडू तू झेलतोस तेव्हा डावा गुडघा आधी का टेकवतोस? मॅलाव्हे सगळ्यांसमोर म्हणाला, हा प्रश्न तुझ्या बायकोचा आहे. तिला पाठव, तू घरी बस.

“चौदा माणसं होती,” लेन म्हणाला. “चौदाच्या चौदा हसली.”

डोलोरेसला सगळं आठवलं. त्याच्या थोडंच आधी क्लबने खेळाडू आणि वार्ताहर यांच्या घरच्यांसाठी सहल काढली होती. तिच्या हातात कागदी ताटली होती आणि मॅलाव्हे रांगेत तिच्या पुढे होता. गुडघ्याचं तिने त्याला सांगितलं, त्या गुडघ्यामुळे अंपायर फसतो आणि खालचा चेंडूही बरोबर धरतो हेही सांगितलं. तो वळून तिच्याकडे बघतच राहिला. मग रांग सोडून वीस मिनिटं तिच्याशी बोलला, तिच्याच ताटलीचा हातमोजा करून दाखवला. परत येताना गाडीत तिने लेनला सगळं सांगितलं, आणि त्याने रेडिओचा आवाज वाढवला. त्या खेळातल्या कोणी तिला काही विचारलं असेल तर ते त्या दिवशी, एकदाच.

“म्हणजे त्याचा गुन्हा हा,” ती म्हणाली. “त्याला कळलं प्रश्न कोणाचा होता ते.”

“माझी अब्रू गेली, डोलोरेस.”

“अब्रू माझ्यावर चालली होती. त्याने फक्त बोलून दाखवलं. आणि त्याची शिक्षा नऊ वर्षं? वर स्वभावाच्या गोष्टी मला सांगतोस. स्वभाव!”

तिने कागदावरच्या मोकळ्या चौकटीवर बोट ठेवलं. लेनला तेवढं दिसलं असतं तर बरं झालं असतं, असं पॉलिनला वाटून गेलं.

“आता माझी पाठ फिरली की खूण करशील,” लेन म्हणाला. “मला काय दिसणार?”

इतकी वर्षं एका टेबलावर जेवून या माणसाने डोलोरेसला ओळखलं ते एवढंच. बापासाठी जिने एक चूक खोडली नाही, ती आता याच्या सहीवर खोटी खूण करणार होती म्हणे.

पॉलिन कोट घालून आली. सव्वाचार वाजले होते. गाडीची किल्ली तिच्या हातात होती. द्या इकडे, मी टाकून येते, आणि आता बास करा दोघं, असं ती म्हणाली. लेनने चाचपत पेन शोधलं आणि सहीसाठी हात पुढे केला.

डोलोरेसने कागद आपल्याकडे ओढून घेतला. आलेल्या कागदांचाच हिशोब होतो, न आलेला कागद धरतच नाहीत. हे लेनलाही ठाऊक होतं आणि तिलाही. नऊ नावांचा कागद गेला तर मॅलाव्हेच्या विरुद्ध एक मत पडणार, आणि एक ‘नाही’ भरून काढायला तीन ‘हो’ लागतात. कागद गेलाच नाही तर काहीच पडत नाही. बाकीच्या नऊ जणांचं एकेक मत बुडणार होतं, ते तिने एकेक नाव घेऊन तपासलं. दोघं तसेही निवडून येणार होते, सात जणांची वर्षं शिल्लक होती. त्यांच्यावर अन्याय थोडा, पण होताच. तो तिने स्वतःच्या नावावर घेतला.

तिने कागद घडी करून पाकिटात घातला आणि पाकीट आपल्या स्वेटरच्या खिशात ठेवलं.

“किल्ली जागेवर ठेव, पॉलिन,” ती म्हणाली. “लेन, नीट ऐक, मी लपवून काही करत नाहीये. खोटी खूण मी करणार नाही आणि ही नऊ नावंही पाठवणार नाही. या वर्षी या घरातून मत जाणार नाही. कोणी विचारलं तर सांग, बायकोने जाऊ दिलं नाही.”