बानाबाईची झील

बानाबाई पहिल्यांदा आमच्या दारात आली ती पाण्यासाठी. दुष्काळाचं वर्ष होतं. पुंडलिकनगरात नळाची वाट बघून डोळे दुखायचे आणि गल्लीच्या टोकाला नवी इमारत उठत होती तिथं मात्र टँकरवर टँकर रिकामे व्हायचे. तिचा नवरा त्याच इमारतीवर राखणदार होता, पण बांधकामाच्या पाण्याला हात लावायची त्यांना मनाई होती. मी कळशी भरून दिली तरी ती उभीच. म्हणाली, फुकट नको, भाकरी थापून देते. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या हातची भाकरी कुणी मागितली नाही.

त्यांची वस्ती लासूर स्टेशनच्या पुढं, माळावर. मेंढरं होती. चारा संपला तशी मेंढरं बाजारात गेली आणि पुंजाराम नुसती काठी घेऊन शहरात आला. तो स्वतःच सांगायचा, की आता विटा राखतो. विटा चरायला जात नाहीत, तेवढाच आराम.

हा पुंजाराम ओव्या रचायचा. मला हे कळायला बरेच दिवस लागले, कारण त्याची एक ओवी मी आधीच कुठंतरी ऐकलेली होती. टेम्पोवाले म्हणायचे, लग्नाच्या वरातीत वाजायची. ती समोरच्या राखणदाराची आहे हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. लिहितावाचता येत नसल्यानं तो गाणं तोंडातच घोळवत ठेवी. क्रांती चौकाजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथल्या झीशान नावाच्या पोरानं त्याला जुना फोन दिला आणि आवाज भरायचं बटण दाखवलं. तेव्हापासून पुंजाराम विटांच्या ढिगावर बसून फोनमध्ये गायचा. झीशान मागं लागायचा, चाचा, एका मेमरी कार्डात काढून ठिवू या. पुंजाराम म्हणायचा, अजून पक्कं व्हायचंय.

त्यांच्या गाण्यात एक रीत आहे. म्हणणारा कानावर हात धरून ओळ टाकतो आणि थांबतो. मग बसलेल्यांनी त्या ओळीचं शेपूट उचलून परत म्हणायचं. त्याला झील म्हणतात. झील आल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. कुणाची ओळ उचलली नाही तर तो त्याचा अपमान. भांडणं झालेली आहेत त्यावरून. जत्रेत पुंजारामला झील द्यायला चुलतभाऊ कचरू असायचा, ढोल गळ्यात घेऊन. शहरात कोण देणार? बानाबाई द्यायची. ती आमच्या मोरीत भांडी घासत असायची, तिकडून ओळ यायची, आणि ही राखेच्या हातानं, मान वर न करता, शेपूट उचलायची. मी एकदा म्हटलं, अगं, त्याला ऐकू तरी जातं का एवढ्या हळू? ती म्हणाली, पुढची वळ आली की नाय? मंग गेलं ऐकू.

पुंजाराम वैशाखात गेला. भर दुपारी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बानाबाई आमच्याकडे आली ती रडायला नव्हे. तिनं त्याचा फोन आमच्या स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला आणि खाली फरशीवर बसून राहिली. फोन भरला तशी तो घेऊन गेली. मला वाटलं, नातेवाइकांना कळवायचं असेल.

त्यांच्या भावकीत जाळत नाहीत, माती देतात. आवडीची वस्तू सोबत देतात. घोंगडी दिली, काठी दिली. आणि घोंगडीच्या घडीत बानाबाईनं फोन सरकवला. उशाला तो असल्याशिवाय त्यांना झोप लागत नव्हती, असं तिनं मला नंतर सांगितलं. अगदी साध्या आवाजात, डबा सोबत दिलाय, असं सांगावं तसं.

दीडेक वर्षानं झीशान आला. दुकान सोडून तो लग्नांचे व्हिडिओ काढायला लागला होता. पुंजारामवर त्याला सिनेमा करायचा होता. लासूरच्या मैदानात सगळ्या गायकांना बोलवायचं, चाचाच्या ओव्या त्यांनी म्हणायच्या, ते सगळं चित्रित करून थेटरात दाखवायचं. सगळं सांगून झाल्यावर त्यानं चाचाचा फोन मागितला. बानाबाईनं सांगितलं तो कुठं आहे ते. पोराचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. पेला रिकामा करून, खाली बघत त्यानं विचारलं, की जमीन जरा उघडता आली तर. कचरू वस्तीवरून आलेला, तिथंच बसलेला होता. तो म्हणाला, "शिकलेलं पोरगं, आन मढं उकराया निघालंय." झीशाननं दोन्ही कान धरले. बानाबाई एवढंच म्हणाली, "निजलेल्याला उठवायचं नाय."

दुसऱ्या दिवशी पीठ मळता मळता मात्र तिनं मला सांगितलं, की हा विचार तिच्या मनात त्या पोराच्या कितीतरी आधी येऊन गेला होता.

"तोंड ध्यानात हाय, ताई. आवाज निसटाया लागलाय. आधी भाकर थापताना कानात यायचा. आता नुसतं थापायचंच ऐकू येतं."

मग झीशानचा निरोप आला. एका टेम्पोवाल्याच्या फोनमध्ये सापडलं होतं. जत्रेत ढोल तापवत होते, माणसं अजून बसायची होती, तेव्हा पुंजारामनं आवाज लावून बघितला होता. एकच ओळ. सिनेमाच्या शेवटी ती ठेवली आहे, असं त्यानं कळवलं. त्या दिवसापासून बानाबाईनं मला सिनेमाचं दुसरं काही विचारलं नाही. थेटरात आवाज मोठा असतो ना, एवढंच दोनदा विचारलं.

त्या साली पुन्हा पाऊस नव्हता. तरी वस्त्यावस्त्यांवरून माणसं आली. टेम्पो भरभरून. पटके, घोंगड्या, कपाळाला भंडारा. थेटरचा रखवालदार गडबडून गेला. झीशाननं आम्हाला पुढं बसवलं. बानाबाईनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि कान मोकळे राहावेत म्हणून पदर मागं खोचला होता. पडद्यावर एकेक गायक आला. छान गायले सगळे. कचरूचा ढोल दिसला तेव्हा मागून शिट्ट्या आल्या. ती हलली नाही. ती त्यांच्यासाठी आलीच नव्हती.

शेवटी पडदा काळा झाला, आणि पुंजारामचा आवाज आला.

"ढगांची मेंढरं गेली गं सये, मेंढका मागं राहिला..."

ओळ पुरी व्हायचीही कुणी वाट बघितली नाही. सगळं थेटर उठलं. आपल्या माणसानं ओळ टाकली आणि ती खाली पडू द्यायची? शेकडो गळ्यांनी शेपूट उचललं, "मागं राहिला गं, मागं राहिला", कुणीतरी ढोल आत आणलाच होता, तो लागला, भंडारा उधळला. दिवे लागले तरी लोक गातच होते. झीशान कोपऱ्यात उभा राहून हमसून हमसून रडत होता. असा मान कुणाला मिळतो?

मी बानाबाईकडे बघितलं. ती खुर्चीतच होती. डोळे मिटलेले, उजवा हात कानावर, आणि ओठ हलत होते. मग ओठ थांबले. तिनं डोळे उघडून पडद्याकडे बघितलं. तिथं काही नव्हतं.

रिक्षात क्रांती चौक ओलांडल्यावर तिनं खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "लोकांचं काय चुकलं नाय. मीच बोलले वरून. सगळ्यांच्या आदी मीच उचलली. माझ्याच आवाजाखाली गेला त्यो."

झीशाननं पेनड्राइव्ह पाठवला. घरात कुणी नाही अशी दुपार मी बघितली. लॅपटॉप ओट्यावर ठेवला, पंखा बंद केला, खिडकी लावली. बानाबाईनं हात धुतले, पुसले आणि पदराचा बोळा करून तोंडात धरला, गेल्या वेळेसारखं होऊ नये म्हणून.

मी लावलं. मागं कुठंतरी शेळी ओरडली, कुणीतरी खाकरलं, आणि पुंजाराम म्हणाला. सगळी ओळ, स्वच्छ, अगदी शेवटच्या अक्षराची थरथर सुद्धा. मग तो थांबला. पुढं नुसती शांतता होती; मला वाटतं, श्वास घेतल्याचाही आवाज होता. तेवढ्यात संपलं.

तिनं बोटानं खूण केली. मी परत लावलं. ओळ झाली, तो थांबला, आणि मी बघत होते, तिचा गळा वरखाली होत होता. ती थांबण्याची जागा तिला सोसवेना. तिसऱ्यांदा तिनं पदर तोंडातून काढला. ओळ होऊ दिली, पुरती. मग अगदी हळू, भांडी घासताना द्यायची तशी, तिनं झील दिली.

"मागं राहिला गं, मागं राहिला."

आणि ती थांबली. लॅपटॉपकडे बघत राहिली. पडद्यावर नुसता काळोख. बाहेर नव्या इमारतीवर सळया कापायचं यंत्र सुरू झालं.

"म्हना की पुढचं," ती म्हणाली.