वाकळीचा वास

"पाणी शेवटाला." गवळी एवढं बोलायचा आणि बादली पायानं लांब सारायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचा गोठा. म्हस धुताना हेच, कुत्रं धुताना हेच. बायको भांडायला उठली तरी हेच. ती म्हणायची, "शेवटाला तुझ्याच डोक्यावर ओतते." तो हसत धार काढायचा.

तुमच्या गल्लीतही असा एखादा असेल, कामाशिवाय त्याच्याकडं कुणी जात नाही. मीही कामालाच गेलो.

माझी बायको जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मागं राहिलं तिचं कुत्रं आणि तिची वाकळ, जुन्या लुगड्यांची, तिनंच शिवलेली. पोरगी म्हणाली, धुवून टाका. मी धुतली नाही. मिशरी, खोबरेल, घाम, सगळी बाई त्या वाकळीत होती. कुत्रं त्यावर झोपायचं. मीही तोंड लावायचो. लाज कसली त्यात.

एका सकाळी कुत्र्यानं परसात उदमांजर उठवलं. त्यानं शेपटी वर करून घाण सोडली ती कुत्र्याच्या तोंडावर. कुत्रं पळालं ते थेट वाकळीवर लोळलं. मी खुळ्यागत कुत्र्यावर बादली ओतली. वास दुप्पट झाला. दुसरी बादली वाकळीवर ओतणार होतो, हात थांबला.

दोन्ही घेऊन गोठ्यावर गेलो. दूध न्यायला आलेली माणसं नाक धरून पांगली. तो एकटा जवळ आला.

"काय झालं, दादा?"

"वास येत न्हाय व्हय तुला? उदमांजर. वास घालव, पण वाकळ धुवायची न्हाय. हिची हाय."

"बरं," म्हणाला.

कुत्रं पोत्यानं कोरडं केलं. डाळीचं पीठ चोळलं, पुसलं, परत चोळलं. मग ताक, मग शिकेकाई. पाणी शेवटाला. वाकळीला मात्र नुसतं पीठ. रोज चोळायचा, झटकायचा, सावलीत वाऱ्यावर टाकायचा.

म्हटलं, "उनात टाक की."

"उनात सगळंच उडंल. वैनी पण."

नवव्या दिवशी मी वाकळ नाकाला लावली. उदमांजर गेलं होतं. पण तीही लागेना. नुसता पिठाचा वास. "गेली रं," म्हणालो.

त्यानं वाकळ माझ्या हातातनं घेतली, कुत्र्यापुढं अंथरली आणि बघत उभा राहिला. मग उचलून स्वतः हुंगली. "हाय. वैनी हाय. तुझंच नाक म्हातारं झालंय, दादा."

मी मानलं. त्याच्यावर दोन वर्षं काढली.

यंदा तो गेला. दहाव्याला मी त्याच्या बायकोला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्येंला कुठला वास? करोना झाल्यापास्नं नाक मेलं हुतं. दूध नासल्यालं मी सांगायची."

घरी आलो तो पेटूनच. फसवलं मला. पण मेलेल्या माणसाला शिव्या तरी कशा घालायच्या? वाकळ भुईवर फेकली.

कुत्रं आलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगलं. बारीक कण्हलं. तीनदा फिरलं आणि तिच्या उशाकडच्या कोपऱ्यावर हनुवटी टेकून पडलं. गोठ्यात त्या दिवशी असंच पडलं होतं. तो तेच बघत उभा होता. बोलला नंतर.

आता रोज वाकळ अंथरतो, पण नाक लावत नाही. कुत्र्याकडं बघतो. तेही म्हातारं झालंय, हुंगायला वेळ लावतं. तोवर मी उभा असतो.