हिमबिंदूचे सात किलो

विशाखापट्टणमच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा हिमबिंदूकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. "हे तुमचं लिव्हर. रक्तगट जुळतोय, आकारही पुरेसा आहे. पण यात बावीस टक्के चरबी आहे. असलं लिव्हर मी कापून वडिलांना लावू शकत नाही. त्यांना झेपणार नाही आणि मागे उरेल ते तुम्हालाही पुरणार नाही."

"पण मी तर कधी कसलं व्यसन…"

"व्यसनाचं नाही हो. दिवसभर काय करता?"

"घरून काम."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. बहुधा याच उत्तराची त्यांना अपेक्षा होती. "दोन महिने देते. किमान सात किलो उतरवा. उपाशी राहायचं नाही, त्यानं उलटंच होतं. चाला, मोजून खा, मग पुन्हा तपासू." जरा थांबून त्या म्हणाल्या, "वडिलांकडे याहून फार जास्त वेळ आहे, असं मी सांगणार नाही."

काकिनाड्याला परतताना बसमध्ये हिमबिंदू सात किलोंना आठवडे किती, हे बोटांवर मोजत राहिली. ती एकुलती एक. आई सत्यवती मधुमेही, म्हणजे तिचं लिव्हर चालणार नव्हतं. वडील सूर्यनारायणमूर्ती, अख्ख्या गल्लीचे मूर्ती मास्तर, हायस्कुलात तीस वर्षं कवायत शिकवलेला ताठ माणूस. तरुणपणची कावीळ रक्तात दबा धरून बसली होती, ती आता उठली होती. पोटात पाणी भरलं होतं आणि पाय काठ्यांसारखे झाले होते.

आणि त्यांचा जीव अडला होता तो लेकीच्या चरबीपाशी.

ती चरबी आली कधी हे तिला नीट माहीत होतं. हैदराबादला विमा कंपनीत दावे तपासायचं काम होतं, तेव्हा ती अठ्ठावन्न किलोची होती. हॉस्टेलपासून बसथांबा वीस मिनिटं, वर ऑफिसचे तीन जिने. मग कंपनीनं सगळ्यांना घरी बसवलं आणि परत काही बोलावलंच नाही. ती लॅपटॉप घेऊन काकिनाड्याला आली. पलंगापासून टेबल चार पावलं, टेबलापासून स्वयंपाकघर अकरा. सहा वर्षं हॉस्टेलचं पाणचट सांबार खाल्लेली पोर घरी आलेली बघून सत्यवतीचा हात आवरेना. अकराला मुगाचा डोसा, म्हणजे पेसरट्टू, चारला मिरचीभजी, संध्याकाळी पाकात बुडवलेला काजा. "डोक्याचं काम आहे तुझं, खा." एक डोळा पडद्यावर ठेवून हिमबिंदू खात राहिली. कॅमेऱ्यात फक्त तोंड दिसायचं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. तीन वर्षांत अठरा किलो चढले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कंबर कसली. जिथं नुसतं ऐकायचं असे अशा बैठका ती कानात इअरफोनची बोंडं घालून गच्चीवर चालत ऐके. टेबलावर तांदळाचा रिकामा डबा, डब्यावर लॅपटॉप, अशी उभ्यानं काम करायची सोय केली. कॅमेरा डळमळायचा. टीमचा प्रमुख सदानंदम एकदा म्हणालाच, "बिंदूगारू, तुमच्या मागे पंखा फिरतोय की तुम्हीच फिरताय?" सगळे हसले. तीही हसली, कारण सांगायचं धाडस झालं नाही. ऑपरेशननंतर दोन महिन्यांची रजा लागणार हे कळलं की नोकरीचं काय होईल, ही धास्तीही होतीच.

दुपारी ताटात एक मूद भात आणि ढीगभर पालेभाजी. सत्यवती डाव हातात धरून उभी राही. "एवढुसंच?"

"अम्मा, नको ना."

"बरं बाई." डाव परत भांड्यात जाई, पण तिचे डोळे भरून येत.

मूर्ती मास्तरांनी मात्र आपणहून एक काम मागून घेतलं. "सकाळची नाचणीची आंबील मी करत जाईन तुझ्यासाठी. बसून बसून कंटाळलोय." दहा मिनिटं उभं राहणंही त्यांना जड जाई, तरी ते ओट्याला धरून उभे राहत आणि पेला भरून गच्चीच्या जिन्याशी आणून ठेवत. हिमबिंदूला भरून यायचं. ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची.

रोज सकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर ती क्षणभर डोळे मिटून चढे आणि वजन करी. शहात्तरवरून पहिल्या आठवड्यात चौऱ्याहत्तर पूर्णांक एक. मग त्र्याहत्तर सहा. मग त्र्याहत्तर चार. आणि चौथ्या आठवड्यात त्र्याहत्तर नऊ. ती उतरली, चपला काढल्या, पुन्हा चढली. तेच.

"काटा बरोबर आहे ना हो?"

"कालच तपासून गेलेत," दुकानदार म्हणाला.

घोडं कुठं पेंड खातंय हेच कळेना. तिनं भात आणखी अर्धा केला. बैठकीत बोलता बोलता डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंना तिनं आठवड्याचं खाणं लिहून पाठवलं, तर उलट प्रश्न आला, "सगळं खरं लिहिलंय ना?" तो शब्द तिला फार लागला. घरात वडिलांच्या सुजलेल्या पोटाकडे नजर गेली की वाटे, आजही एक दिवस फुकट गेला.

त्या गुरुवारी सकाळीच इंटरनेट गेलं आणि बैठक रद्द झाली. ती गच्चीवरून नेहमीपेक्षा लवकर खाली आली. स्वयंपाकघरात वडील पाठमोरे होते. ओट्यावर काजूची पूड. आंबिलीच्या भांड्यात त्यांनी ती दोन मुठी टाकली, वर तुपाची वाटी पालथी केली आणि मिरपूड, मीठ घालून घोटू लागले.

"नान्ना?"

पळी हातातून निसटली. मास्तर वळले.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"का?"

ते ओट्याला टेकले. "माझी एकसष्ट वर्षं जगून झाली, बिंदू. तुझं अजून काहीच झालेलं नाही. त्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर काढून दाखवलं, तुझं पोट कुठून कुठवर चिरणार ते. मला तोंडानं नाही म्हणता येईना. तुझ्या आईकडे बघवत नव्हतं. म्हटलं, मशीनच नाही म्हणू दे. मग कुणाचाच दोष नाही."

"कुणाचाच नाही?" तिचा आवाज चढला. "नान्ना, तुम्ही गेला असता आणि मी जन्मभर म्हटलं असतं, दोन घास कमी खाल्ले असते तर माझा बाप वाचला असता. हे ठेवून जाणार होता माझ्यासाठी?"

मास्तरांनी हे हिशेबात धरलंच नव्हतं. ते हळूच खाली पाटावर बसले. सत्यवती पूजेची फुलं हातात घेऊन दारात कधीची उभी होती.

"मी या पोरीच्या ताटात भात मोजून वाढते," ती म्हणाली, "भरलेला डाव रोज परत भांड्यात टाकते. आणि तुम्ही! उठा. यापुढं या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

दोन दिवस मास्तर ओट्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या सकाळी एकेक पायरी बसत-उठत ते गच्चीवर आले, खुर्चीत टेकले आणि बराच वेळ लेकीचं चालणं बघत राहिले.

"हात हलव," शेवटी ते म्हणाले. "हे काय, वरातीत चालल्यासारखं? टाच आधी टेकव."

त्यानंतर ते रोज येत. एक-दोनदा धापेनं अर्ध्या जिन्यातच बसावं लागलं, तेव्हा हिमबिंदू चालणं सोडून खाली धावली. आपलं वजन आधी उतरतंय की यांचा दम आधी संपतोय, हेच कळेना.

पाच आठवड्यांनी विशाखापट्टणमला काटा अडुसष्ट पूर्णांक नऊवर थांबला. पडद्यावर चरबी आठ टक्के. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. सत्यवतीनं हात जोडले. मूर्ती मास्तर तेवढे पुढे वाकले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा बघता का? चूक नसेल ना?"

ऑपरेशनआधी परवानगी देणाऱ्या समितीनं हिमबिंदूला एकटीला आत बोलावलं. कॅमेरा चालू होता. "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"होता," ती म्हणाली. टेबलापलीकडच्या तिघांनी माना वर केल्या. "देऊ नको असा. वडिलांचा."

ऑपरेशन अकरा तास चाललं. नवव्या दिवशी मास्तरांना ताप चढला, पित्त झिरपत होतं, पुन्हा आत न्यावं लागलं. ते चार दिवस सत्यवतीला पुढे कधी नीट आठवले नाहीत. मग ताप उतरला. पंचविसाव्या दिवशी तिघं घरी आली. कंपनीनं रजा दिली, निम्मी बिनपगारी.

आता दोघं संध्याकाळी बंदरापर्यंत चालून येतात. मास्तर पुढे, ती मागे. सोमवारी ती औषधाच्या दुकानात जाते आणि काट्यावर चढण्याआधी अजूनही क्षणभर डोळे मिटते.