डोळे बांधून गाडीची परीक्षा

सांगतो बुवा, पण एका अटीवर. माझ्या बायकोसमोर हा विषय काढायचा नाही. ती आधीच भरपूर हसून बसलीय!

माझी सासुरवाडी कोंढ्याची. साळीचं, म्हणजे मेहुणी वैशालीचं लग्न ठरलं आणि मांडव पडणार होता सानगडीला, नवरदेवाच्या गावी. नवरी जाणार कोणत्या गाडीत? मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी अँबॅसेडर होती. आणि माझी छोटी आठशे. तीही म्हातारीच म्हणा, पण एका पिढीनं तरणी.

मी गप्प बसणारा माणूस आहे का?

"अँबॅसेडर वळणावर झुलते," मी सुरू झालो. "पिकअप नाही. स्टेअरिंग फिरवायला पहिलवान लागतो. माझी आठशे पाहा, वळणावर रस्त्याला चिकटून जाते!"

"भाऊजी, मले बाबाच्याच गाडीत जायचं हाये," वैशाली म्हणाली.

"काहून पण? गाडी काय मायेनं निवडतात?"

ती ऐकेना. मग मी असं बोललो, की आजही आठवलं तर कान गरम होतात. "गाडी डोळ्यांनी पाहिली की पक्षपात होतो. ती पाठीनं ओळखायची असते. बांधा माझे डोळे!"

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!

वैशालीनं लगेच रुमाल बांधला. साळा प्रमोद आधी अँबॅसेडर तलावापर्यंत फिरवून आला. प्रत्येक वळणावर मी दारावर आणि दार माझ्यावर. मी भराभर मार्क कापले.

मग माझी गाडी. प्रमोदनं चावी फिरवली, इंजिन गुरगुरलं, आणि थोड्या वेळानं एकदम शांत.

"पाहिलं प्रमोद? टॉप गियरला आवाजच नाही!"

"हाव ना भाऊजी. काहीच आयकू येऊन नाही राहिलं!"

गाडी मजेत डोलत होती. खड्डे होते, पण धक्का? अजिबात नाही. नुसता पाळणा! बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"लोक हासून राहिले जी," प्रमोद म्हणाला.

"जळतात रे!"

तेवढ्यात खिडकीतून गार वाऱ्याची झुळूक आली. "तलावाची पाळ आली वाटतं."

"आलीच," मागच्या सीटवरून वैशाली म्हणाली. "उतरा भाऊजी."

मी बांधल्या डोळ्यांनीच उतरलो आणि छाती भरून श्वास घेतला. "काय हवा आहे! एवढं अंतर आलो, पण कंबर कुरकुरली नाही. आणि पेट्रोल? पितच नाही ही!"

वैशालीनं रुमाल सोडला.

समोर सासूबाई. हातात सूप. वारा घालून घालून धापा टाकत होत्या. मागच्या बंपरला शेजारचे दोघे आणि गाडी हलवून हलवून घामाघूम झालेली माझी बायको. गाडी अंगणातच, भाताच्या तणसाच्या ढिगाजवळ, जिथं सकाळी लावली होती तिथंच!

सासूबाईंनी घाईघाईनं पदर सावरला. "माफ करजा जावईबापू. पोरगी आयकतच नव्हती."

"पेट्रोलचं मात्र खरं बोलले," बायको घाम पुसत म्हणाली.

सगळं अंगण खदखदलं. वैशाली मात्र हसली नाही. "भाऊजी, मले गाडीतलं काही समजत नाही. पन बाबाच्या गाडीत मागं आई-बाबाच्या मधात बसता येते. तुमच्या गाडीत बाबाले समोर बसा लागन."

इतका वेळ मी पिकअप मोजत होतो आणि पोरीला बापाला खेटून बसायचं होतं. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, अँबॅसेडरच न्यायची, आणि चालवणार मी!

लग्नाच्या दिवशी ती मागं दोघांच्या मधात बसली, बाबांचा हात धरून. सानगडी जवळ आली तसा आवाज आला, "भाऊजी, जरा हळू घ्या ना."

मी हळू घेतली.

"आनखी हळू."

मी आणखी हळू घेतली. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. मग त्याच्यामागून एक म्हैस गेली.

मामाजी पुढं वाकले, डोळे पुसले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "जावईबापू, आज तरी गाडी खरंच चालून राहिली ना?"