धुराड्याच्या आंचेवरचा उजेड

मनकर्णाबाई मूळची जानेफळची. खामगावात सून होऊन आली आणि हिंमतरावांच्या जिनात कामाला लागली. तिथं कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे रांगेनं मांडलेले, त्यांच्यापुढं उभ्या राहून बाया दिवसभर कापूस घालीत. काही वर्षांनी मनकर्णा त्या बायांची मुकादमीण झाली. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, धुळीनं तिचा गळा कायमचा बसला होता आणि रेच्यांच्या गदारोळात तसंही कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. म्हणून ती हातांनीच बोलायची. एक हात वर केला की थांबा, दोन्ही वर केले की जागच्या हलू नका. बायांना ती भाषा तोंडपाठ होती.

हिवाळ्यात हंगाम जोरात असे आणि दिवस लवकर मावळे. मग खांबाखांबाला कंदील टांगत. असाच एक कंदील एका संध्याकाळी रुईच्या ढिगावर पडला, ढीग भडकला आणि मनकर्णाची नणंद रुखमाबाई त्यात गेली. दोघी एकाच रेच्यावर उभ्या असायच्या. त्या दिवशी मनकर्णा पाणी प्यायला बाहेर गेली होती. त्यानंतर तिच्या घरात संध्याकाळी कुणी चिमणी पेटवली की ती उठून अंगणात जाऊन बसे. नवरा इंद्रभानही तिच्याशेजारी येऊन बसे. बहीण त्याचीच होती.

पुढं हिंमतरावांनी मुंबईहून एक मिस्तरी बोलावला. मोठ्या इंजनावर रेचे फिरवणाऱ्या मोठ्या बायलरची आंच धुराड्यातून फुकट आभाळात जायची. मिस्तरीनं तिच्या वाटेतच एक लहान बायलर बसवला. त्या वाया जाणाऱ्या आंचेवरच त्यातलं पाणी उकळायचं, त्या वाफेवर लहान इंजन फिरायचं आणि इंजनावर वीज करणारा डायनामो. नवा कोळसा नाही, नवी लाकडं नाहीत. गावात वीज कुणी पाहिली नव्हती तेव्हा हिंमतरावांच्या जिनात काचेचे गोळे लागले. बायांना धास्तीच वाटली. शालूबाई नावाची लेकुरवाळी म्हणाली, "धुराड्यातला उजेड हाय हा, माय. मले नाही खपत."

"कंदिलापरीस बरा," मनकर्णा म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला.

पौषातल्या एका दिवेलागणीला बायलरवरचा अब्दुल गनी दारात धावत आला. चेहरा घामानं निथळत होता. त्यानं मनकर्णाच्या कानाशी तोंड नेलं.

"लहान्या बायलरचा पंप बंद पडला. पानी तळाले गेलं. आंच दुसरीकडं वळवाची झडप काजळीनं जाम झाली, हालून नाही राह्यली."

"मंग?"

"मोठं इंजन बंद करून राह्यलो, विस्तव ओढून काढतो. लहान्याची वाफ सोडली का दिवे जातीन. रेचे लगेच थांबत नाहीत, मनकर्णाबाई. चाक जड हाय, फिरत राहीन. अंधारात एकही बाई हालू देऊ नको."

"पानी टाक ना त्याच्यात!"

"तापल्या लोखंडावर आता पानी टाकलं तं फुटीन तो. अन् आईक, इंजन थांबलं का मोठ्या बायलरची वाफ आपोआप सुटीन. लय मोठा आवाज होईन. तो फुटल्याचा नाही, ध्यानात ठेव."

एवढं सांगून तो परत पळाला. तो सरळ त्या तापलेल्या बायलरकडेच गेला, हे मनकर्णानं पाहिलं.

दारापाशी जायला दोन रांगांमधली एकच अरुंद वाट होती आणि तिच्या दोन्ही अंगांना रेचे फिरवणारे पट्टे फिरत होते. मनकर्णा त्या वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले. जवळच्या बायांनी पाहिलं, त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. गोळे आधी पिवळे पडले, मग लाल. अंधारात हात दिसणार नाहीत हे तिला तेव्हा सुचलं. तिनं पहिल्या बाईच्या हातात दुसरीचा पदर कोंबला, दुसरीच्या हातात तिसरीचा. पुढच्या बाया समजल्या. ती तिसऱ्या-चौथ्या रेच्यापाशी पोचली तोवर पुरता अंधार झाला; ती तिथंच वाट अडवून उभी राहिली.

पट्टे तसेच सळसळत होते. आणि मग बाहेरून तो आवाज आला. जमीन थरथरली. कुणीतरी किंचाळलं, "फुटला व माय!" एक अंग मनकर्णाच्या छातीवर येऊन आदळलं. शालूबाई होती ती. तिचं लेकरू बाहेर निंबाखाली झोळीत निजलं होतं.

"सोड मले! माहं लेकरू!"

मनकर्णानं तिला कवेत घट्ट धरलं. शालूबाईनं तिच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. मनकर्णा तिच्या कानात घोगऱ्या आवाजात एकच म्हणत राहिली, "वाफ हाय ती. वाफ हाय व. लेकराले काही नाही झालं."

तेवढ्यात वाटेतच दोन पावलांवर उजेड लुकलुकला. पट्ट्यांना तेल घालणारा कडूबा घाबरून आगपेटीची काडी ओढून उभा होता. हवेत रुईचे तंतू तरंगत होते. मनकर्णानं शालूबाईला एका हातानं धरूनच झेप घेतली आणि जळती काडी मुठीत चुरगाळली.

"काऊन बे, साऱ्याईले जाळतं का?"

कडूबा रडायला लागला. हळूहळू पट्ट्यांचा सूर जड झाला, लांबला आणि थांबला. मग बाया पदर धरूनच, एकीमागून एक, बाहेर आल्या. शालूबाईचं पोर झोळीत उठून बसलं होतं. गनी विस्तवाच्या ढिगापाशी भुईवर बसला होता, भुवया जळलेल्या. लहान बायलरच्या पत्र्याला फुगारा आला होता, पण तो फुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हिंमतराव म्हणाले, "मिस्तरी येईपर्यंत कंदील लावू. माल पडून हाय."

"कंदील लागला तं मी आत येनार नाही, मालक," मनकर्णा म्हणाली.

"म्हंजे? काम बंद पाडतेस?"

"उजेड हाय तवर करतो. सूर्य गेला का आमी गेलो."

दिवस मावळायला आला तसे हिंमतरावांनी कंदील पुसून ठेवलेच. बाया फाटकाबाहेर जाऊन बसल्या, काहीजणी भीतभीतच. हिंमतराव दारात येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी कंदील न पेटवताच त्यांनी फाटक लावायला सांगितलं.

मिस्तरीनं पुढं दुसरा पंप बसवला, झडप रोज हलवून पाहायचं काम लावून दिलं आणि गोळे पुन्हा लागले. शालूबाई मात्र परत आली नाही. साखरखेर्ड्याला माहेरी जाऊन शेतात निंदायला जाऊ लागली. मनकर्णानं तिला कधी नावं ठेवली नाहीत. ती स्वतः आणखी कितीतरी हंगाम त्याच उजेडात उभी राहिली.