दुपारी बंद असणारी बाग

आमच्या बागेचा माळी दुपारी फाटक लावून आत बाई आणतो, ही बातमी केमिस्टनं फोडली. त्याच्या दुकानावरच्या खोलीची खिडकी बागेवर उघडते, त्यामुळे गावातल्या निम्म्या भानगडींचा तो साक्षीदार आणि उरलेल्या निम्म्यांचा कर्ता. निळ्या स्वेटरची बाई, म्हणाला, भिंतीकडेच्या मेंदीवर हात ठेवून गोल फिरते आणि माळी मागून झारी घेऊन.

"वर फूल देतो हो तिला! आणि ती लाजते. रोज! जशी काही आजच ओळख झाली."

सकाळी बागेतल्या बाकावर जन्मलेली बातमी संध्याकाळपर्यंत लग्नाची होते, तशी हीही झाली. माळी बदलून आलेला, बागेमागच्या खोलीत राहणारा, अगदी मुका नव्हे पण त्याच्या शेजारचा. त्याची बायको वारली असावी, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं आणि त्यानं ते कधी खोडून काढलं नव्हतं.

"काय माळीबुवा, दुपारी झाडं फार पाणी पितात म्हणे?" मी विचारायचो.

"ऊन आहे ना, काका," म्हणून तो वाफ्यात डोकं घालायचा.

बायको जिवंत होती, हे आम्हाला मागाहून कळलं. तिच्या डोक्यातलं मात्र एकेक पुसलं जात होतं. चहाचं भांडं उशीखाली ठेवायची, स्वतःच्या खोलीचं दार तिला सापडायचं नाही, पण पाय काही थांबायचे नाहीत. मुलगी दुसऱ्या शहरात. तिनं बजावलं होतं, "बाबा, आता आई एकदा जरी हरवली ना, तर मी तिला इकडच्या संस्थेत ठेवणार. मग तुमचं काही ऐकणार नाही." म्हणून ही बाग. दुपारी बंद, चारी बाजूंनी भिंत आणि वाट अशी, की चालत सुटलं की निघालो तिथंच परत. मेंदीवर हात ठेवला की बाई सुखानं फिरायची. हरवायला बागेत जागाच नव्हती.

जागा गावानं करून दिली. तळ्यापर्यंत फिरायला वाट हवी, असा धोशा बाकावरच्या मंडळींनी लावला होता आणि नगरपालिकेनं चक्क ऐकलं. ओव्हरसियर आला. भिंत कुठं फोडायची, म्हणून त्यानं माळ्यालाच विचारलं.

"पुढून फोडली तर मोठं झाड जाईल, साहेब. मागून फोडा, तिथं नुसती मेंदी आहे," माळी बोलून गेला. त्याचा जीव झाडांत. बोलून झाल्यावर लक्षात आलं, मागं म्हणजे बरोबर वाटेच्या वळणावर.

भिंत पडली. बाग दुपारीही उघडी राहू लागली. मेंदी संपली की बाईचा हात हवेत जायचा आणि पाय सरळ तळ्याकडे. माळ्यानं दोरी बांधली. लोक दोरीखालून गेले. त्यानं 'काम चालू आहे' अशी पाटी लावली. लोकांनी तिच्यावर टोप्या अडकवल्या. शेवटी तो ओव्हरसियरकडे गेला. हे ओव्हरसियरनंच मला पोट धरून हसत सांगितलं.

"दुपारी तेवढी वाट बंद ठेवा, साहेब."

"का रे?"

"झाडांना जरा विसावा मिळतो."

"झाडांना? ती काय तळ्यावर जाऊन येतात?"

माळी तसाच परत फिरला. घरचं माणूस कामावर आणतो हे कळलं तर खोलीही जाईल, ही धास्ती. मग तो तिचा हात धरूनच फिरू लागला. एका दुपारी पाण्याचा पाइप सुटला आणि लोंढा कोवळ्या रोपांत शिरला. त्यानं तिला बाकावर बसवलं, पाइप आवळला, वळून बघतो तर बाक रिकामा.

ती तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी सापडली. केमिस्टनंच हात धरून आणली. तिला काही झालं नव्हतं. पण स्वेटर भिजलेला, गाव गोळा झालेलं आणि मुलीला फोन कुणी केला कुणास ठाऊक. आमच्याकडे फोन करणाऱ्यांचा तुटवडा नाही.

मुलगी गाडी घेऊन आली. वाईट नव्हती हो ती. बापाला धरून रडली.

"बाबा, बघितलंत ना?"

"बघितलं," तो म्हणाला.

बाकावरची सगळी मंडळी गाडीभोवती होती, मदतीला, म्हणजे मधे मधे. माळ्यानं खिडकीतून एक फूल आत दिलं. बाई लाजली, फूल घेतलं आणि मुलीला हळूच म्हणाली, "हे कोण गं? भले दिसतात."

तळ्याची वाट छान झाली आहे, सगळे म्हणतात. माळी त्या वळणावर मेंदीची नवी रोपं लावतो. ती लोकांच्या पायांखाली जातात. तो पुन्हा लावतो.

केमिस्टनं पाहिलं ते खरं होतं. माळी दुपारी बागेत बाई आणायचा आणि तिला फूल द्यायचा. ती त्याची बायको होती, आणि ती त्याला ओळखत नव्हती.